अकरा जणांची माफी

रविवार, १२ जानेवारी

आज ह्यांनी सलूनवाल्याची माफी मागितली.

खरंच. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची. वीस वर्षं त्याच्याकडे केस कापले आणि मग एक दिवस न सांगता पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात जायला लागले, म्हणून! आत दोन गिऱ्हाइकं, एकाच्या गालाला फेस, आणि हे मधोमध उभे — "मी तुमचं मन दुखावलं." तो बिचारा वस्तरा हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्ही वारलात." मग बसा म्हणाला, चहा मागवला, केसही कापून दिले. घरी आले तेव्हा तोंडावर एवढं तेज की खोलीत दिवा लावायला नको.

हे सगळं त्या वर्गामुळे. प्रार्थनागृहात दर रविवारी सकाळी असतो — 'घरातून देवाकडे'. निवृत्त झाल्यावर कुणी झाडं लावतं, कुणी गुडघे दाखवत डॉक्टरांकडे फिरतं. ह्यांनी देव धरला. वर्ग घेणारे गृहस्थ इतकं हळू बोलतात की मी त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलंय. फक्त इथे, वहीत. मऊसाहेबांनी आता गृहपाठ दिलाय: आयुष्यात ज्यांचं मन दुखावलं त्यांची यादी करायची, एकेकाला गाठून काय केलं ते स्पष्ट सांगायचं, सबब द्यायची नाही. ९ फेब्रुवारीला शेवटचा वर्ग, तोवर यादी संपवायची.

कागदावर खुणा करणं ह्यांना नवीन नाही. तीस वर्षं वाहनचालकांच्या परीक्षा घेतल्या. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर कागद. आरशात बघितलं नाही — फुली. वळताना दिवा लावला नाही — फुली. घरातही तेच चालायचं, फक्त कागद नसायचा.

सोमवार, १३ जानेवारी

कामावर, दातांच्या प्रयोगशाळेत, कवळ्यांचा ढीग. सगळ्या दंतवैद्यांना एकाच आठवड्यात पाठवायचं सुचतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सलूनची गोष्ट सांगितली. हसून हसून तिच्या हातातलं मेण सांडलं. मग डोळे पुसत म्हणाली, "काका किती गोड आहेत हो, काकू."

मी पॉलिशचं चाक चालू केलं. त्या घरघरीत कुणाचं काही ऐकू येत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

यादी पाहिली. चोरून नाही — जेवणाच्या टेबलावर उघडीच पडली होती. अकरा जण. सलूनवाला (बरोबरची खूण). शाळेतला एक मित्र, ज्याची वही फाडली होती. ऑफिसातला शिपाई. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या कुत्र्याची तक्रार केली होती. सख्खे मोठे भाऊ. आमची लेक. कुणी एक उमेदवार, तीनदा नापास केलेला. असं करत करत शेवटी अकरावा दूधवाला.

मी नाही.

कागद उलटून पाहिला. मागे वाणसामान होतं. साबण, काडेपेटी, साखर.

मला काय हवंय ते इथे एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या माझं मलाच बदलता यायचं नाही. सोळा वर्षांपूर्वी आई भावाकडे आजारी होती, इथून एका दिवसाच्या प्रवासावर. मी म्हटलं, जाते. हे म्हणाले, "पोरीची परीक्षा चालू आहे. घर कोण बघणार? शनिवारी संपतेय, रविवारी जा." आणि मी ऐकलं. शहाणी ना मी! आई गुरुवारी गेली. तेव्हापासून ह्या विषयावर ह्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. मी रडत होते तेव्हा जाऊन तिकिटं काढून आणली, तेवढंच. मला फक्त एक वाक्य हवंय — मी तुला जाऊ दिलं नाही, माझं चुकलं. दूधवाल्याला मिळणार, आणि मी बसलेय कपबशा विसळत.

रविवार, १९ जानेवारी

लेकीचा फोन. रडत होती, पण सुखाचं. बाबांनी सकाळी फोन करून माफी मागितली म्हणे — नववीत गणितात कमी गुण पडले म्हणून थोबाडीत मारली होती त्याची. "आई, बाबा किती बदललेत गं. तू खूश असशील ना?"

हो म्हटलं. तिच्या आनंदात कशाला मिठाचा खडा टाकायचा? पण फोन ठेवल्यावर अर्धा तास नुसती ओटा पुसत होते. ती थोबाडीत मारली तेव्हा मध्ये कोण पडलं होतं? रात्रभर पोरीला कुशीत घेऊन कोण बसलं होतं? ते सगळं कुणाच्या यादीत नाही.

मला लेकीचाही हेवा वाटायला लागला, इथपर्यंत मजल गेली. काय म्हणावं ह्याला.

सोमवार, २० जानेवारी

भाजीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही. अगदी मुद्दाम असं नाही. ह्यांनी निमूट खाल्ली, वर "छान झालीय" म्हणाले. हाही गृहपाठच असणार.

शुक्रवार, २४ जानेवारी

अर्धी रजा काढली. हे म्हणाले होते, "त्या उमेदवाराचा पत्ता मिळाला. येशील बरोबर?" कधी नव्हे तो आवाज खाली होता, म्हणून मी गेले.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात सायकली, ओल्या कपड्यांचा वास. दार त्यानेच उघडलं. चाळिशीचा, एका गोदामात पोती उचलतो. ह्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. तिसऱ्या वेळी गाडी त्याने बरोबर चालवली होती. तो मध्येच हसला, ते ह्यांना आवडलं नाही, म्हणून नापास केलं. बस चालवायची नोकरी ठरलेली होती त्याची. ती गेली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "झालं तुमचं?" म्हणाला. हे म्हणाले, "झालं." त्याने दार लावलं. आपटलं नाही, साधंच लावलं.

खाली येताना हे दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "बरोबर केलं त्याने." माझा हात त्यांच्या पाठीवर गेला. लगेच काढला. पण गेला होता, आणि वहीत खोटं लिहायचं नाही. दया आली मला त्यांची. मग दया आली म्हणून राग आला.

रविवार, २६ जानेवारी

हे चष्मा विसरून गेले, म्हणून मी द्यायला प्रार्थनागृहापर्यंत गेले. वर्ग सुटत होता. खुर्च्या एकावर एक रचणं चालू होतं. मऊसाहेब पुढे आले, हात जोडून — "ताई, तुमच्या यजमानांनी फार धैर्य दाखवलं. घर उजळलं असेल."

मी म्हटलं, "दूधवाल्याचं उजळलंय. मी यादीत नाही."

ते म्हणाले, "घरच्या माणसाकडे यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो."

"सोळा वर्षं कमी पडली का?"

मग त्यांनी, बहुतेक पहिल्यांदाच, नेहमीच्या माणसासारख्या आवाजात विचारलं, "आणि ते आले तर? तुम्ही काय कराल, ते ठरलंय?"

चष्मा त्यांच्याच हातात कोंबून निघून आले. रस्ताभर धुसफुसत होते. उत्तर नव्हतं म्हणून. त्या वाक्याची वाट बघण्यात इतकी रुळलेय की ते मिळाल्यावर काय करायचं हे डोक्यातच आलं नव्हतं.

बुधवार, २९ जानेवारी

एक बाई आईची मोडकी कवळी घेऊन थेट आमच्याकडेच आल्या. अशी कामं खरं तर दवाखान्यातून येतात, पण ह्या बाईंना घाई होती. म्हणाल्या, "आई माझ्याशिवाय कुणाकडे देत नाही. भावाला तर हातसुद्धा लावू देत नाही." बोलताना जरा वैतागल्या होत्या, जरा मिरवतही होत्या.

सांधून दिली. मग मागच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अजून एक आहे, जे मी कधी लिहिलेलं नाही. आईच्या तेराव्या दिवसानंतर — नाही, आधीच, मी पोचले त्याच संध्याकाळी — वहिनी म्हणाली, "शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. ह्यांना" — म्हणजे माझ्या भावाला — "हाक मारायच्या, नातवाला विचारायच्या." मी विचारलं, "आणि मला?" वहिनी कपडे घडी करत होती. म्हणाली, "माझ्या कानावर नाही आलं हो." वाईट मनाने नाही म्हणाली. ती खोटं बोलत नाही, तेच तर.

म्हणजे आई रागावली असणार. मुलगी आली नाही म्हणून नावच टाकलं तिने. तिच्या जागी मी असते तर मीही टाकलं असतं. ह्यांनी मला नुसतं अडवलं नाही, तिच्या मनातून उतरवलं. आणि मी अडले, म्हणून माझीही चूक तेवढीच. तेव्हापासून आईचं नाव घेऊन प्रार्थना करायची मला लाज वाटते. हात जोडते, डोळे मिटते आणि उद्याच्या भाजीचा विचार करते.

रविवार, २ फेब्रुवारी

हे वर्गाला गेले. घरात मी एकटी. खूप वर्षांनी देवाशी नीट बोलले. मोठ्याने, स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी.

सांगितलं — मला ह्या रागाचा कंटाळा आलाय. मी घरात बोलते तेव्हा माझाच आवाज मला किरकिरा वाटतो. शेजारच्या टेबलावरची पोर "काका गोड" म्हणाली तर मला झोंबतं. अशी नव्हते मी. त्यांना एकदा, एकदाच म्हणू दे, मी सोडून देईन. पुन्हा उकरून काढणार नाही, टोमणा मारणार नाही. शब्द देते.

बोलून झाल्यावर बरं वाटलं. मऊसाहेबांना उत्तर मिळालं म्हणायचं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "अगं, जरा बोलायचं होतं." माझा हात थांबला. मग म्हणाले, "गॅस संपत आलाय का?"

शनिवार, ८ फेब्रुवारी

दूधवालाही झाला. अकराच्या अकरा खुणा. संध्याकाळी जेवताना मीच विचारलं, "अहो, यादी संपली?"

"संपली."

"मग माझं काय?"

चमचा ताटात ठेवला त्यांनी. "तुझं नाव लिहायला तीनदा बसलो."

"मग?"

"लिहिलं की सांगावं लागणार."

मला हसूच आलं, पण कसलं ते! म्हटलं, "सांगायचं काय त्यात? सोळा वर्षं मला पाठ आहे ते. म्हणायचं तेवढं बाकी आहे."

हे म्हाताऱ्या माणसासारखे दिसले. आहेतच म्हणा, पण आज दिसले. "तुला माहीत नाही," म्हणाले, आणि ताट तसंच टाकून उठले.

मला माहीत नाही! माझी आई, माझं दुःख, आणि त्याचेही गुण हेच देणार. जन्मभराचा परीक्षक! त्यांचं उरलेलं अन्न झाकून ठेवलं. तरी देवाला दिलेला शब्द मोडलेला नाही. उद्या शेवटचा वर्ग. उद्यापर्यंत वाट बघेन, पुढचं पुढे.

रविवार, ९ फेब्रुवारी

वर्गाला गेले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी तयार होते. 'सोडलं मी' हे शब्द अगदी जिभेवर होते.

म्हणाले, "तुझ्या आईचा फोन आला होता. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा. तू कामावरून यायची होतीस. तिकडे घरात कुणी नसताना त्यांनीच लावला होता. म्हणाल्या, तिला पाठवा, मला तिला बघायचंय. दोन्ही वेळा मी हो म्हटलं आणि तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू थांबली नसतीस."

शब्द जिभेवरच राहिले. मी दिलेला शब्द ह्या गोष्टीचा नव्हता, आणि देवालाही ते माहीत असणार. कधी सोडीन, सोडीन की नाही, माहीत नाही. आत आले, कडी लावली. हे अजून बाहेर त्याच खुर्चीत आहेत, उठल्याचा आवाज आला नाही.

मी रडतेय. पण सगळं दुःखाचं नाही.

आईने मला बोलावलं होतं. दोनदा.