चाखणारीची सही

ताई, तुला नमस्कार आणि पोरांना पापा.

बेट छान आहे. आमचा कारखाना म्हणजे एक मोठं स्वयंपाकघर. एका वेळी जॅमच्या वीसच बाटल्या होतात. झाकणांवर एक म्हातारबुवा हाताने फुलं रंगवतात. शिजवणाऱ्याने चाखायचं नाही, असा इथला नियम. चाखून सही करायची ती मी.

आता तुला एकटीलाच सांगते. गेल्या महिन्यातल्या तापापासून माझ्या जिभेला चवच नाही. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले आणि नुसता रंग बघून सह्या ठोकल्या.

परवा शिजवणाऱ्या मावशींनी साखर वाढवताना चुकून मिठाचा डबा उचलला. तो जॅम पाहुण्यांच्या टेबलावर गेला. मालकांनी मला विचारलं, "चाखला होतात ना?"

"चाखला तेव्हा चांगला होता," मी म्हटलं.

मावशींना त्याच दिवशी काढलं. बोटीत चढताना मलाच म्हणाल्या, "वाळलीस गं. नीट जेवत जा."

आईने पाठवलेला खाऊचा डबा पोचला. गोड बेताचं झालंय का, असं तिने विचारलंय. तिला सांग, अगदी नेहमीसारखं झालंय. तुम्हीही खाल्लं असेलच ना? मग खरंच कसं झालंय, ते मला कळव.

तुझी,
धाकटी