डब्याला शिकवलेले आकडे

१८ नोव्हेंबर
साखर कारखान्यात उसाच्या रसाच्या पाइपवर एक डबा बसवलाय. न दिसणारा उजेड रसावर टाकतो आणि रसात साखर किती टक्के, ते लगेच स्क्रीनवर. मग मी कशाला? बावीस वर्षं लॅबचा इनचार्ज आहे. बसवणारी अर्पिता, हसनाबादची. मला काका म्हणते. आजपासून तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी १०
बोलावं लागलं. डब्याला आधी शिकवावं लागतं म्हणे. रसाच्या शंभर बाटल्या, प्रत्येकीचा लॅबमधला खरा आकडा मी द्यायचा, तो डबा पाठ करणार. म्हणजे माझा चेला! गुरूशिवाय गती नाही, हे एमडी साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो.

२३ नोव्हेंबर
एक बाटली मशीनवर तपासायला अर्धा तास. तो नवशिक्यांना. मी बाटली उजेडात धरतो, थेंब जिभेवर ठेवतो, आकडा लिहितो. रजिस्टर वर्षानुवर्षं असंच भरलंय, कोणी बोट ठेवलं नाही. आज चाळीस बाटल्या चहाच्या आत उरकल्या. अर्पिता म्हणाली, "काका, इतक्या जल्दी?" अनुभव, बाई.

१ डिसेंबर
डबा पिसाळला! एकाच टाकीतल्या रसाला आधी नऊ, मग पंधरा. पेढे आणले. साखर शिजवणाऱ्या बद्रीनाथला एक दिला, तर खाऊन विचारतो, "पण तातेराव, डब्याला शिकवलं कोणी?" जळतो मेला.
एमडी साहेबांना दोन पानी अर्ज. डबा परत पाठवा, पोरीलाही.

४ डिसेंबर
अर्पितानं तीन बाटल्या पाठवल्या. उभ्याउभ्याच आकडे दिले: ११.८, १२.६, १३.१. उद्या एमडी साहेबांनी बोलावलंय. सत्कारच असणार. इस्त्रीचा शर्ट काढला, दोन शब्द पाठ केले.

५ डिसेंबर
तिन्ही बाटल्यांत एकाच बादलीतला रस होता. कावेबाज कार्टी!
रस ओतताना बदलतो, असं सांगून पाहिलं. एमडी साहेब म्हणाले, "डबा बराबर आहे तातेराव. त्याला खोटं तुम्ही शिकवलं." लॅबची किल्ली टेबलावर ठेवायला लावली. बावीस वर्षं ती माझ्या खिशात होती. घरी आलो, जेवलो नाही. सगळ्यांचा राग येतोय, आणि भीतीही वाटतेय.

१४ डिसेंबर
नवं पद. डब्याची काच दर दोन तासांनी पुसायची आणि वेळ टाकून रजिस्टरमध्ये सही. जोखमीचं काम आहे, माझ्याशिवाय डबा आंधळा. सकाळी आठलाच संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या सह्या करून मोकळा झालो.
सव्वादहाला अर्पिताचा फोन. "काका, दहाला काच पुसली न्हाई का? डबा सांगून राह्यला."