खोललेल्या इंजिनाच्या धुराबाबत

प्रति,
मा. बंदर निरीक्षण अधिकारी,
धक्का कार्यालय, पहिला मजला.

विषय : होडीच्या धुराबद्दल आलेल्या दुसऱ्या नोटिशीचा खुलासा व एक विनंती.
संदर्भ : आपली पहिली नोटीस (मान्य). आपली दुसरी नोटीस (उलगडा होत नाही).

महोदय,

अर्जदार धक्क्यावर होडी चालवतो. पहिल्या नोटिशीतला धूर माझाच होता, हे मी नाकारत नाही. माझे थोरले बंधू पेट्रोलमध्ये ठरल्या मापापेक्षा एक झाकण ऑइल जास्त ओतत. इंजिनालाही पोटभर लागतं, असे त्यांचे म्हणणे. त्याने निळा धूर पाण्यावर रेंगाळे आणि तो दिसला की वहिनी चूल पेटवत. गेल्या हिवाळ्यात दादा धुक्यात गेले ते आलेच नाहीत. त्यांची होडीही सापडली नाही. ते जादा झाकण मी तसेच चालू ठेवले होते.

नोटीस आल्यावर मात्र हयगय केली नाही. टाकी रिकामी केली, मोजून मिश्रण भरले, तेलाने माखलेला काळा प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, अडकलेला चोक सोडवला. धूर पार गेला. आपले शिपाई खूश झाले, वहिनींनी मात्र माझ्याशी अबोला धरला. शेवटी एवढेच म्हणाल्या की, भावजी, आता ते आले तरी मला कळायचं कसं?

पुढे गळके सील बदलायला मिस्त्रींनी इंजिन उतरवले. सोमवारपासून ते त्यांच्या टेबलावर सुटे पडले आहे, पिस्टन एका डब्यात, नटबोल्ट दुसऱ्यात. माझी होडी वाळूवर पालथी असून तिच्या सावलीला कुत्री झोपतात. असे असता आपली दुसरी नोटीस म्हणते की बुधवारी सकाळी माझी निळ्या पट्ट्याची होडी दाट निळा धूर सोडत खाडीच्या तोंडाशी दिसली, हाका मारूनही थांबली नाही, व धुरामुळे नंबर वाचता आला नाही.

महोदय, निळ्या पट्ट्याच्या होड्या या धक्क्यावर दोनच. आम्ही भावांनी एकाच डब्यातल्या रंगाने त्या रंगवल्या होत्या.

नोटीस मी आधी मिस्त्रींना दाखवली, मग घरी नेली. मिस्त्री म्हणाले, निरीक्षकांना चष्मा लागलाय, दे फाडून. वहिनींनी ती माझ्या हातून घेतली, दोनदा वाचली आणि उठून चूल पेटवली. तेव्हापासून त्या ती विझू देत नाहीत, दाराला कडी लावू देत नाहीत. मला भीती वाटते. दादा आले नाहीत तर वाटते, आणि आले तरी वाटते.

तरी नोटीस रद्द करावी अशी मागणी नाही. दंड खुशाल माझ्या नावे लावावा. फक्त निरीक्षकांना विचारून लेखी कळवावे की ती होडी धक्क्याकडे येत होती की बाहेर जात होती. उत्तर वहिनी स्वतः वाचणार आहेत, तरी जे असेल ते खरे लिहावे. आणि पुन्हा दिसल्यास तिला कोणी अडवू नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा नावाडी
(सही)
दिनांक : नोटीस हाती पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी

सोबत :
१. इंजिन खोललेले असल्याचा मिस्त्रींचा दाखला
२. काढलेला जुना प्लग
३. ऑइलच्या बाटलीचे झाकण (पाहून लगेच परत मिळावे, घरी लागणार आहे)