भिंतीवरचा भैरू

भोसरी,
ता. १७ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप अर्जुनमामांच्या पायांशी भाचा ज्योतीराम याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग असं लिहिलं आहे खरं, पण खोलीत रंगाचे डबे इतके झाले आहेत की आडवं व्हायला जागा नाही. तेव्हा उभ्यानेच केला आहे, पण मनापासून.) तुमचा डावा पाय या थंडीत फार कुरकुर करत नसावा. मामींची म्हैस व्याली का, आणि व्याली असल्यास खरवसाच्या वेळी आमची आठवण झाली का, तेही कळवावं. इकडे आम्ही सर्व जण सुखरूप आहोत. सर्व जण म्हणजे मी आणि आई. धाकटा भैरू बेळगावला सुखरूप आहे.

तुमचं कार्ड पोचलं. भाचा पलटणीत गेल्याचं बाजारातल्या न्हाव्याला आधी कळतं आणि सख्ख्या मामाला मागून, हा उद्योग कोणाचा, असं तुम्ही विचारलं आहे. उद्योग माझा. पण दोष माझा नाही, आणि तो कसा नाही हे सविस्तर वाचल्यावर तुमचीही खात्री पटेल. तुम्ही ब्रह्मदेशाच्या लढाईतून त्या पायानिशी परत आलात तेव्हा आईने भैरवनाथापुढे हात जोडून, माझ्या पोटचा एकही पोरगा पलटणीला देणार नाही, असं बोलून ठेवलं होतं, हे मी विसरलेलो नाही. मी तिथेच प्रसादाच्या खोबऱ्यासाठी उभा होतो.

तर झालं असं, की गणपती बोळवले आणि दुसऱ्याच आठवड्यात भरतीचे हवालदार मारुतराव माझं नाव विचारत दारात आले. त्यांना नाशिक रस्त्याला लागून तीन भिंती रंगवून हव्या होत्या: एक पायदळाची, एक विमानदलाची, एक आरमाराची. मामा, तुमच्या वेळी गावात ढोल वाजवून माणसं नेत. आता जाहिरात करून नेतात. लॉरी येते, कर्ण्यावर गाणी लागतात, मग कपडे, जेवण, रजा, पेन्शन असं सगळं सांगतात आणि पुन्हा गाणी लागतात. मारुतरावांनी तीन छापील चित्रं माझ्यापुढे पसरली आणि ही जशीच्या तशी मोठी करा म्हणाले. मी ती अर्धा तास निरखली. विमानदलाच्या चित्रातला तरुण वर बघतो. आरमारातला लांब बघतो. पायदळातला मात्र सरळ आपल्याकडे बघतो, त्यामुळे त्याला चुकवून पुढे जाता येत नाही. शिवाय विमानवाल्यांना मॅट्रिक पास हवा असतो आणि आरमारासाठी इथल्या पोरांना आधी समुद्र समजावून सांगावा लागतो. आपल्या भागात चालणार ते पायदळच, तेव्हा ती भिंत आधी, असं मी हवालदारांना तिथल्या तिथे सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं. (हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिलेलं नाही. खरंच सांगितलं.)

भिंत ठरली चाकणच्या बाजारातली, इकबालशेठ कांदेवाल्यांच्या वखारीची, तीन महिन्यांच्या बोलीने. पण छापील चित्रातला जवान मला पसंत पडेना. इतका गोरा आणि गुळगुळीत, की कांद्याचं पोतं उचलायला सांगितलं तर हमालाला हाक मारील. मारुतराव म्हणाले, मग काढा इथल्यासारखा. आता इथल्यासारखा काढायचा तर समोर कोणीतरी उभा हवा, आणि तासन् तास न हलता उभं राहणारा माणूस पंचक्रोशीत एकच, आपला भैरू. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पहिली पाळी करून तो दुपारी सायकलने चाकणला यायचा आणि बंदूक म्हणून बांबू धरून उभा राहायचा. दोनदा तर उभ्याउभ्या झोपला, पण चेहऱ्यात फरक नाही. चार दिवसांत भैरू भिंतीवर आला, दोन पुरुष उंच, छाती पुढे, वर पदरची मिशी. त्याच्या पायाशी मी एक ताटही काढलं होतं, मटणाच्या रश्शासकट. ते हवालदारांनी पुसायला लावलं. सरकारी चित्रात दाखवलं की द्यावं लागतं म्हणाले.

शनिवारी बाजार भरला. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर होता, पण बाजारात वाचतो कोण. आपल्याकडे भिंतीवर माणसाचं चित्र दोनच कारणांनी लागतं, एक तो निवडणुकीला उभा राहिला म्हणून, नाहीतर वारला म्हणून. भैरू निवडणुकीला उभा नव्हता आणि समोरच भजी खात होता. तेव्हा लोकांनी विचार करून ठरवलं की दुर्गाबाईचा धाकटा पलटणीत गेला, तिथे काहीतरी मोठं केलं, सरकारने त्याचं चित्र लावलं आणि त्याला रजेवर पाठवलं. आई नेहमीप्रमाणे मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. बाया येऊन तिच्या पाया पडायला लागल्या. ती आपली सांगते आहे, "न्हाई गं बायांनो, कारखान्यात हाय त्यो," आणि बाया म्हणताहेत, "असूं दे, असूं दे, आमी न्हाई बोलत कुठं." त्यांना वाटलं सरकारी गुपित आहे.

मी गप्प बसलो नाही, हे ध्यानात घ्यावं. सोमवारी शिडी घेऊन गेलो आणि भिंतीवरचं नाक बदललं. भैरूचं नाक आमच्या घरचं, म्हणजे तुमच्या घरचं, सरळ. ते मी चांगलं बसकं करून टाकलं आणि आता हा भैरू नव्हे अशी खात्री करून घरी आलो. पुढच्या शनिवारी बाजार उठल्यावर शेजारची छबूबाई वाटीत हळद घेऊन आमच्या दारात. भैरूला नाकावर गोळी लागली असं सगळ्या बाजारात झालं होतं. आईने तिला आत नेऊन, झोपलेला भैरू नाकासकट दाखवला. छबूबाईने निरखून पाहिलं आणि पलटणीतले डॉक्टर चांगले असतात असं सांगून ती हळद ठेवून गेली. मी मंगळवारी नाक पुन्हा सरळ केलं.

मग तालमीने सत्कार ठरवला. फेटा, शाल, नारळ. आता हा भाग मी जरा जपून लिहितो. त्या दिवशी मी उठून चार माणसांत सांगायला हवं होतं की हा अजून कुठे गेलेला नाही, भिंत माझी आहे आणि चूकही माझीच. सांगणारही होतो. पण तेवढ्यात चित्रकार ज्योतीराम म्हणून माझंही नाव पुकारलं आणि माझ्याही हातात नारळ दिला, आणि नारळ हातात असताना खरं बोलणं फार अवघड जातं, मामा. भैरूला दोन शब्द बोलायला सांगितलं. आठवड्याला दोन शब्द बोलणारं पोरगं ते. फेटा सावरत, "बगतो," एवढंच म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आठ दिवस तो नीट जेवला नाही. एक दिवस मी ब्रश धूत होतो तर शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, समदी भैरूराव म्हनत्यात. आता पुन्ना भैऱ्या कसा व्हऊ? आन् नारळ तर खाल्ला." मी हसलो. वीस वर्षांत त्याला राव म्हणणं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी मारुतरावांकडे गेला. छाती मोजली, दात पाहिले, आणि दसरा झाल्यावर बेळगावची गाडी. त्याच्या मागोमाग आसपासची अकरा पोरं गेली. मारुतराव म्हणतात अशी भिंत पुणे जिल्ह्यात दुसरी नाही.

आई रडली नाही. तुम्हाला तसं कोणी सांगितलं असल्यास चुकीचं आहे. गाडी सुटल्यावर एवढंच म्हणाली, "म्या दिला न्हाई. त्या भिताडानं नेला." म्हणजे भैरवनाथापुढचा शब्द तिने मोडलेला नाही, आणि तिच्या बोलण्यात माझं नावही नाही. ती माझ्याशी बारा दिवस बोलत नव्हती, पण भाकरी वेळेवर वाढत होती. दिवाळीत फराळाला तिसरं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं, ही काही मोठी गोष्ट नाही. आता सगळं सुरळीत आहे. माझं नाव झालं, अकरा घरांत मनिऑर्डरी सुरू होतील, भैरूला बूट मिळाले. तुम्हीच नेहमी म्हणता की पलटण माणसाला सरळ करते. तेव्हा काळजी नसावी आणि रागही नसावा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
ज्योतीराम

ता. क. एक किरकोळ काम होतं. भिंतीची मुदत या महिनाअखेर संपते, आणि एका साबणवाल्या कंपनीचा माणूस इकबालशेठकडे येऊन गेला. चुना मारून तिथे साबण धरलेली बाई काढायची आहे. तुमच्या पेन्शनरी अक्षरात भरतीवाल्यांना एक पत्र जावं, की ही भिंत आणखी वर्षभर राहणं देशाच्या दृष्टीने अत्यंत जरुरीचं आहे. खाली हुद्दा जरूर लिहावा. पाय लिहिला तरी चालेल.

ता. क. २. देशाच्या दृष्टीने हे पत्रासाठी आहे. खरं म्हणजे आई दर शनिवारी मेथीची पाटी घेऊन त्या भिंतीखालीच बसते. आधी पदराने चित्रावरची धूळ पुसते, मग पाटी उघडते. तिचा हात त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचतो. वरचं मी शिडी लावून पुसतो. गेल्या शनिवारी तिने खालून मिशी काढायला सांगितली, आपल्या पोराला कुठं हाय मिशी म्हणून. काढली. मामा, हे पत्र लवकर लिहाच. मला तिथे चुना मारताना बघवणार नाही आणि तिला तर नाहीच.

ता. क. ३. राहिलेल्या दोन भिंतींपैकी आरमाराची आता मोशीजवळ पुरी केली. या वेळी कोणालाच समोर उभं केलं नाही आणि खलाशी पाठमोरा काढला, समुद्राकडे तोंड केलेला. म्हणजे ओळखू येण्याचा प्रश्नच नको. काल बाजारातून येताना आईला तिथे गाडीतून मुद्दाम उतरवून दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही पाठ तुझी हाय. पूस."