राखेच्या थरावर चुना

ता. ३ फेब्रु., मंगळ.
मोटार-रिवाइंडिंगचं दुकान लवकर बंद. चुनखडीच्या जुन्या खाणीवर. पूर्वेची कड अजून ताठ. खाली तांबडी माती, वर चुनखडी, मधे बोटभर करडी राख. ती इथली नव्हे; समुद्रापारच्या ज्वालामुखीची, वाऱ्यानं आलेली. म्हसवड भागात ती प्रथम ओळखली मी, पुस्तकं मागवून, एकट्यानं. संरक्षण सध्या तात्पुरतं. सोमवारी पुण्याच्या भूगर्भवाल्या बाई थर पाहतील, मग कायमचं. नाहीतर खाणीत कचरा डेपो.

ता. ५, गुरु.
बजरंग (चुलतभाऊ, यंदा सरपंच) दुकानात. "तात्या, बाई येणार, तयारी नगं व्हय?" म्हटलं, वाटेवरच्या वेड्या बाभळी तोड, बाटल्या उचल. जागा स्वच्छ हवी. "लय झ्याक करतो. तुमी बिनघोर जावा पलूसला."
मेहुण्याच्या मुलीची सुपारी फोडायचीय. टाळता येत नाही.

ता. ८, रवि.
पलूसहून थेट खाणीवर.
कड पांढरी. खाली गेरूचा पट्टा, वर चुना, त्यावर निळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्'. जत्रेआधी देवळाची भिंत रंगवतात तशी.
बजरंग तिथंच. "कशी दिसतीया? सोता शिडीवर चढलो, तात्या."
"थर कुठाय?"
"कसला थर? ती मळकी रेघ? तीच तर झाकली."
ओल्या फडक्यानं वीतभर पुसून पाहिलं. चुन्याबरोबर राखही सुटते. बोटं करडी. थांबलो.

ता. ९, सोम.
बाईंना शाल, नारळ. बजरंगच्या डोक्याला फेटा. बाईंनी मी पाठवलेला फोटो काढून कडेशी धरला. मग मला, "फोटोतली जागा हीच?" हो म्हटलं.
"हातभर आत खोदलं तर स्वच्छ कड मिळेल. पण संरक्षित जागा, परवानगीशिवाय कुदळ नाही. आणि थर आत जातोय याची खात्री आहे?"
नाही. कडेला तो निमुळता होत गेलाय. आत संपतही असेल. थाप मारता आली असती. जमलं नाही.
"न पाहिलेलं पाहिलं असं मी लिहिणार नाही. परवानगी मागते, पण अहवाल मार्चअखेर द्यायचाय."

ता. ११, बुध.
गावात एकच बोलणं. तात्यानं पावण्यांम्होरं तोंड पाडलं. बायको, सुमनही म्हणाली, "पोरानं जीव लावून केलं. एक शब्द बरा बोलला असता तर?" बोललो नाही, हे खरं.

ता. १५, रवि.
परवानगीचं काही नाही. संध्याकाळी खाणीवर गेलो तर बजरंग आधीच बसलेला, मांडीवर कुदळ.
"कुठं मारू, दावा. कोन बगतंय?"
राख आत असली तर खाण वाचली. नसली तर चुन्याखाली उरलीय तीही मातीत, आणि माझ्या सांगण्यावरून.
"तात्या, आवं बोला की. न्हाई तर न्हाई म्हना."
नाही म्हणालो नाही. जागाही दाखवली नाही. अजून तरी.