सिनसिनाटसचं कुंपण

सोमवार, १ फेब्रुवारी १७९०. सकाळी.
कडाक्याची थंडी. शाई गोठली होती, ती चुलीपाशी ठेवून हे लिहितोय. आजपासून डायरी रोज. राग आवरायचा. शेजारच्या डीकन पेकमचं, चर्चच्या त्या कारभाऱ्याचं, नाव तोंडात आणायचं नाही.
मार्चच्या गावसभेत पंच व्हायचं, मेमध्ये गावाचा प्रतिनिधी म्हणून बॉस्टन, तिथून पुढे काँग्रेस. रस्ता सरळ आहे. मध्ये फक्त पेकम आडवा पडलाय.

त्याच दिवशी, दुपारी.
हिवाळ्यासाठी सलगम पुरून ठेवलेला खड्डा उकरलाय. पेंढा इकडे, सलगम तिकडे, निम्मे खाल्लेले. काम डुकरांचं. पेकमच्या डुकरांचं, आणखी कोणाच्या? बायको, मेहिटेबल, म्हणाली, मागच्या कुंपणाच्या दोन फळ्या पडल्यात, आपलीच डुकरीण बाहेर गेली असेल. मी म्हटलं, आपली डुकरीण तसल्यातली नाही. ती आत निघून गेली. पटलं असावं.

२ फेब्रुवारी.
जमीन दगडासारखी गोठलीय, खांब पुरणं अशक्य. कुंपण एप्रिलमध्ये. मेहिटेबल म्हणते, खांब पुरायला सांगतंय कोण, पडलेल्या फळ्या उचलून ठोकायच्यात, एक पाईप ओढून होईपर्यंत होईल. हिला देशकार्य म्हणजे काय ते कधी कळणार?

५ फेब्रुवारी.
राग आवरला नाही. गुरुवारच्या पेपरासाठी लेख लिहिला. सही 'सिनसिनाटस'. हल्ली पेपरात भांडायचं तर रोमन नाव घेऊन भांडतात, सगळे मोठे लोक असंच करतात. हा गृहस्थ नांगर टाकून देश वाचवायला धावला होता. मला शोभतो.
'मोकाट डुकरांचा मोकाट मालक, जो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून घोरतो' असं एक वाक्य जमलंय. शेवटी सूचना: डुकरं पकडायचं काम दरवर्षी नवीन लग्न झालेल्या पोराच्या गळ्यात मारून सगळं गाव हसतं, तो पोरखेळ बंद करा. तिथे कायदा जाणणारा, निःस्पृह, भारदस्त माणूस नेमा.
मेहिटेबलनं सुवाच्य प्रत काढली. माझं अक्षर मोठ्या माणसाचं आहे, छापखान्याला लागत नाही. प्रत काढता काढता विचारलं, तुम्ही नांगर कधी धरला होता हो? मी प्रत ओढून घेतली.

११ फेब्रुवारी, गुरुवार.
छापून आला. हॅचच्या सराईत, दारूच्या पेल्यांसोबत, मोठ्यानं वाचला गेला. लोक पोट धरून हसले, अर्थात पेकमला. पेकमही हसला. निर्लज्ज मेला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार.
पेपरात उत्तर. सही 'सिनसिनाटसचे बैल'. उतरवून ठेवतो, पुढे कोर्टात लागेल:
'आमचे धनी देशासाठी नांगर टाकून निघाले असं वाचलं. नवल वाटलं. त्यांनी तो उचलल्याचं आम्हाला आठवत नाही. मागच्या कुंपणाच्या दोन फळ्या पडल्यात. त्यातून आम्हालाही गावभर हिंडता आलं असतं, पण आम्हाला शरम आहे.'
नीच. पेकमच हा. फळ्या दोन पडल्यात हे त्याला कसं कळलं? माझ्यावर पाळत ठेवतो. मेहिटेबलला वाचून दाखवलं तर तोंडाला एप्रन लावून तळघरात पळाली. बऱ्याच वेळानं वर आली, डोळे लालभडक. किती लागलं बिचारीच्या जिवाला. हा पेकम बायकांनाही सोडत नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार.
प्रार्थनेनंतर पेकमला चर्चच्या दारातच गाठला. म्हटलं, बैल होऊन लिहितोस, माणूस होऊन समोर ये. तो म्हणाला, एलिफलेट, मला सहीपुरतं लिहिता येतं, तू आधी घरात विचार. आला मोठा उपदेश करणारा. घरात काय विचारायचंय? घर माझ्या पाठीशी आहे.

२४ फेब्रुवारी.
शाई पुन्हा संपली. मेहिटेबल बहिणीला फार पत्रं लिहिते. बहीण एकाचंही उत्तर पाठवत नाही. त्यांच्या घराण्यातच माणुसकी कमी.

२५ फेब्रुवारी, गुरुवार.
बैल पुन्हा पेपरात. 'धनी सकाळी पंच होतात, जेवणापर्यंत बॉस्टनला पोचतात आणि संध्याकाळी काँग्रेसमध्ये भाषण करता करता खुर्चीत झोपतात. आम्हाला वैरण मालकीणबाई घालतात.' सराईत हे दोनदा वाचायला लावलं म्हणे. गाव नासलंय. म्हणूनच गावाला माझी गरज आहे.
संकल्प: सभेपर्यंत सराईत जायचं नाही.

२६ फेब्रुवारी.
सराईत जाऊन आलो. विरोधकांवर नजर ठेवावी लागते.

३ मार्च.
साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस उकळायला घेतलाय, घरभर धूर. मेहिटेबल आज एकदम फाटकन बोलली. चार वर्षं शेत मी ओढतेय, म्हणाली. तुम्ही बॉस्टनला जाऊन बसलात तर ओढणार नाही, विकून टाकीन आणि बहिणीकडे जाईन. मला तुमचा राग येतो, आणि तुम्हाला तो दिसतसुद्धा नाही. हातातला डाव तसाच कढईत टाकून निघून गेली.
धुरानं डोकं उठलं असेल. बॉस्टनहून तिला एक चांगली टोपी आणायची.

१४ मार्च, रविवार. रात्री.
उद्या सभा. विगला पावडर लावून ठेवली. निवडीनंतरचं भाषण पाठ. पेकमला क्षमा करायचा परिच्छेद फारच उत्तम झालाय.

१५ मार्च, सोमवार.
पंचांच्या निवडीत माझं नाव निघालं. हात फारसे वर आले नाहीत. सभागृहात शेगडी नाही, लोकांनी हात खिशात ठेवले होते.
मग डुकरं पकडणाऱ्याची नेमणूक. पेकम उठला, खिशातून माझा लेख काढला आणि अडखळत वाचायला लागला: कायदा जाणणारा, निःस्पृह, भारदस्त. म्हणाला, असा माणूस गावात एकच आहे. आता सगळे हात वर. बाहेर घोडी धरून उभ्या असलेल्यांनीही खिडकीतून हात घातले. नाही म्हणता येत नाही, नियम आहे. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागली. मागून कोणीतरी नवरदेवाचं अभिनंदन केलं.
भाषण केलं नाही. वेळ नव्हता.

१६ मार्च.
पहिली तक्रार उजाडायच्या आत. पेकमच्या तळघरात डुकरीण शिरलीय, बियाण्याचे बटाटे खातेय. विग घालून गेलो, अधिकाराचं काम आहे. मनात म्हटलं, मालक सापडू दे, सोलून काढतो.
डुकरिणीच्या डाव्या कानाला खाच. गावाच्या दप्तरात ही खूण माझ्या नावावर आहे. पेकम कंदील घेऊन उभा होता. कंदील त्यानं नुसता खाचेजवळ धरला. बोलला असता तर बरं झालं असतं.
चिखलातून तिला घरापर्यंत ओढत आणली. विग पेकमच्या अंगणातच राहिला. कुंपणापाशी मेहिटेबल हातोडा घेऊन उभी होती. म्हणाली, खालची फळी आधी धरा, बैलांनासुद्धा कळतं तेवढं.
मी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. शाई होती. विचारलं, पेकमनं तुला मजकूर सांगितला होता का? ती म्हणाली, पेकमला इतकं चांगलं येत नाही. आणि अहो, मी शेत विकणार होते ते खरंच विकणार होते.
मी फळी धरली. तिनं खिळे ठोकले. मग दुसरी.
एक पाईप ओढून होईपर्यंत झालं.