न जळालेला सदरा आणि लोखंडी कालथा

मी, कारभारी रंगनाथ वाकचौरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, एके काळी शोभेच्या दारूचे काम, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे आणि यंदाच्या अक्षय्य तृतीयेपासून तर एकतीस वर्षांत नव्हते इतके हलके आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१. सन २०११ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करीत आहे. त्यात लिहिले होते की माझ्या माघारी दारूकामाची सगळी हत्यारे प्रवरेच्या डोहात टाकावीत आणि आमच्या घरातल्या कोणीही या कामाला पुन्हा हात लावू नये. ते मी भीतीपोटी लिहिले होते.

२. राहते घर पत्नी लंकाबाई हयात असेपर्यंत तिचे, नंतर मुलगा रविराज याचे. विहिरीजवळची दीड एकर जमीनही रविराजची. तो चाकणला नोकरीला आहे, सणापुरता येतो, पण कोणता पत्रा गळतो हे त्याला फोनवरूनही कळते. बँकेत जे असेल ते लंकाबाईचे. तिने ते हवे तसे खर्चावे. मला विचारायची सवय तिला तशीही नव्हती.

३. आता मुख्य गोष्ट. देवीच्या यात्रेत पालखी पाराजवळ थांबली की पहिला भुईनळा आमच्या घरचा पेटत असे. परवाना वडिलांच्या नावे होता, नंतर माझ्या. १९९४ च्या यात्रेला मी धाकटा भाऊ सूर्यभान याला निळ्या टेरिकॉटचा सदरा शिवला. यात्रेच्या आदल्या दिवशी मी संगमनेरला गेलो असता शेतातल्या दारूकामाच्या खोपट्यात भडका झाला. सूर्यभानच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली, छाती भाजली. दवाखान्यात तो मला उघडा दिसला. मी धरून चाललो की सदरा अंगावरच जळाला. टेरिकॉटने ठिणगी पडते, ते घालून आत जायचे नाही हा वडिलांचा नियम, आणि तो सदरा दिला मीच. त्या दिवसापासून मी काम बंद केले. बांधाला बांध लागून असूनही मी भावाच्या उजव्या हाताकडे कधी पाहिले नाही.

सूर्यभानची मुलगी ज्ञानेश्वरी रसायनशास्त्र शिकून एका प्रयोगशाळेत नोकरी करते. हे काम शिकवा म्हणून तिने मला चार वेळा विचारले. चौथ्या वेळी मी तिला ओट्यावरून खाली उतरवले. त्याचे मला फार वाईट वाटले.

अक्षय्य तृतीयेला सूर्यभान वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. उघडले तर तोच निळा सदरा. एक डागही नाही.

तो म्हणाला, "दादा, म्या आत जाताना ह्यो काढून भायेर खुंटीला टांगला हुता. सुती बंडी घरी ऱ्हायली, म्हून उघडाच गेलो. आन् लाकडी उलथनं घावंना, तर वैनीचा लोखंडी कालथा नेला. त्यो खाली फरशीला घासला आन् ठिणगी पडली. चूक माजी हाय."

मी विचारले, "मग इतकी वर्षे गप्प का बसलास?"

"आदी लाज वाटली. तू माज्या तोंडात घास घालीत हुतास, तवा कसं सांगू? मंग इतकी वर्सं झाली का सांगायचीच लाज वाटाया लागली. आता पोरीच्या वाटंत माजी लाज नगं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी आधी चहा मागितला आणि मग रडलो. लंकाबाई म्हणाली, "अक्कल आली व्हय दोगांना? लई लवकर आली."

तो कालथा त्या गडबडीत कोणी उचलून घरी आणून टाकला होता. लंकाबाईने घासून घेतला, आणि एकतीस वर्षे आम्ही त्याच कालथ्याने उलटलेली भाकरी खात आलो. तो तिच्याकडेच राहावा. त्याचे काम तेच होते.

४. सागवानी पेटी, तीतली पितळी चाळण, तांब्याची मापे, दोन लाकडी उलथनी आणि खैराचा दट्ट्या ज्ञानेश्वरीला द्यावा. दर खंडेनवमीला मी ती पेटी उघडून पुसत आलो आहे. अटी मात्र कडक आहेत. तिने आधी परवाना असलेल्या कारखान्यात हाताखाली राहून शिकावे. स्वतःच्या नावे परवाना येईपर्यंत पेटी उघडू नये, चिमूटभरही काही कालवू नये. माझ्या वडिलांची मापांची वही शोधू नये. ती मी यंदा हौदात भिजवून लगदा केली. आमचे अंदाज तिला नकोत.

नवशिक्याने पहिले वर्षभर पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहावे. आम्हीही तेच केले. कंटाळा येतो, पण कंटाळलेला माणूस पाचही बोटांनी जेवतो. आत एकट्याने जायचे नाही आणि तिसऱ्याला घ्यायचे नाही. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती, डोळ्यांना चष्मा. मोबाईल, किल्ल्या, बांगड्या बाहेरच्या टोपलीत. उंबऱ्यातल्या ओल्या गोणपाटावर अनवाणी उभे राहून मगच आत. वडील म्हणत, देवीसमोर ओल्या पायाने जावे. ज्ञानेश्वरी म्हणते, अंगातली वीज जमिनीत उतरते. दोघांचेही ऐकावे. न उडालेल्या बाराकडे वाकून बघायचे नाही. मोबाईलवर बघून घरात बार बनवणारी पोरे गावात आहेत. त्यांना तिने तिच्या बापाचा हात दाखवावा. त्याची हरकत नाही, मी विचारले आहे.

खोपट्यात सध्या कांदा भरतो. गाव तिथवर आले आहे, तेव्हा तिथे कांदाच राहावा.

५. निळा सदरा पेटीबरोबर द्यावा. ती जिथे काम करील तिथे दाराबाहेर टांगावा.

६. मी भावाला बांधासाठी जाळले, असे शेजारी छगन याने पारावर सांगितले होते. त्याला माझ्याकडून माफी. तोंडी दिली होती, पण त्याला ऐकू येत नाही, म्हणून लेखी.

७. मला सुती धोतरातच न्यावे. फटाके वाजवू नयेत.

८. ज्ञानेश्वरीच्या परवान्यावरचा पहिला भुईनळा यात्रेत पाराजवळ लागेल, तो सूर्यभानने लांब काठीने पेटवावा. मी असलो तर पिंपाजवळ उभा राहीन.

९. सूर्यभानला या लेखाने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितले, आणि मला त्याची सही हवी होती.

ठिकाण : पिंपळदरा. तारीख : १२ जून २०२५.

सही : कारभारी रंगनाथ वाकचौरे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केल्या.

साक्षीदार १ : डॉ. दमयंती अवधूत देशपांडे, संगमनेर

साक्षीदार २ : सूर्यभान रंगनाथ वाकचौरे, पिंपळदरा

(टीप, डॉ. देशपांडे यांच्या हस्ताक्षरात : साक्षीदार क्रमांक दोन हे १९९४ पासून डाव्या हाताचा अंगठा देत आले आहेत. आज त्यांनी शाईची डबी बाजूला सारून उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत पेन धरून सही केली. बराच वेळ लागला. कारभारीभाऊ पूर्ण वेळ त्या हाताकडे बघत होते.)